लाईट गेली की आबा येतात

कवठे येमाईच्या मळ्यातल्या मारुतरावांच्या घरात शांततेला टेकायला जागा नव्हती. टीव्ही सकाळी लागायचा तो झोपतानाच बंद व्हायचा. कूलर घरघरायचा, सून तेजश्रीचा मिक्सर मधूनच किंचाळायचा, आणि ओसरीत शेवंती निवडायला बसलेल्या बायकांच्या मोबाईलवर प्रत्येकीचं गाणं वेगळं. या सगळ्याच्या मधोमध खुर्चीत मारुतराव बसलेले असायचे, ओठ मिटून, भिंतीकडे बघत.

शिरूरच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं होतं. घरानं त्याला बहिरेपण जोडून टाकलं. मुलगा ईश्वर पुण्याहून कानाचं मशीन घेऊन आला. मारुतरावांनी ते घातलं मात्र, टीव्ही, मिक्सर आणि कूलर हातात हात घालून डोक्यात शिरले. मशीन उपसून त्यांनी जे फेकलं ते थेट म्हशीच्या आंबोणात.

मग घरानं खानदानी उपाय काढला. ओरडायचं! शेतातली माणसं ती, या बांधावरून त्या बांधावर बोलणारी. "आबाऽ, जेवता काऽ?" असं ईश्वर ओरडायचा, तो थांबायच्या आत तेजश्री ओरडायची, आणि मारुतराव दोन्ही कानांवर हात ठेवून अंग चोरायचे. मुक्ताबाईंना ते बघवत नसे. पन्नासेक वर्षांचा संसार, आणि आपलाच माणूस आपल्यापुढं असा भ्यायलेला बसलेला.

गुरुवारी मात्र नवल घडायचं. गुरुवारी मारुतराव बोलायचे. म्हशीनं खाल्लं का विचारायचे, एकदा तर नातीला, समृद्धीला, नावानं हाक मारली. तेजश्रीनं लगेच छडा लावला. गुरुवार म्हणजे दत्ताचा वार! तिनं उपास धरला, दर गुरुवारी नारळ फुटू लागला. मुक्ताबाईंनीही हात जोडले. मिळतंय ते घ्यावं, देवाला जाब विचारू नये.

पण एका गुरुवारी मारुतराव भिंतीकडेच बघत राहिले. तेजश्री रडवेली झाली, उपासात काय चुकलं ते आठवत बसली. आणि पुढच्या मंगळवारी, काही उपासतापास नसताना, वाऱ्यानं तार तुटली आणि दहा मिनिटांत मारुतराव म्हणाले, "आगं, चा टाकती का?"

मुक्ताबाईंनी चहा टाकला. आधण उकळेपर्यंत त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जायची. त्या फसलेल्या गुरुवारी ती गेलीच नव्हती. म्हणजे देव नव्हे, वायर!

कांद्याची चाळण असते ना, मोठा कांदा इकडे, गोलटी तिकडे, तशी चाळण माणसाच्या डोक्यातही असते. मिक्सर बाजूला पडतो, बायकोचं बोलणं हाती लागतं. मारुतरावांची चाळण फाटली होती, सगळा माल एकाच ढिगात पडत होता. त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही, सगळंच एकदम ऐकू येत होतं. मुक्ताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माणूस गेला नव्हता. घरातच होता, फक्त त्याच्यापर्यंत जायला वाट नव्हती.

त्याच आठवड्यात समृद्धीची सुपारी ठरली. पाहुणे दौंडचे, दिवस रविवार. सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्याचा मान. समृद्धीनं आधीच सांगून टाकलं, "सुपारी आबाच फोडणार."

ईश्वर आईला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, त्या दिवशी आबांना रोहिदासमामाकडं बसवू. पाव्हण्यांपुढं कायबाय बोलले, न्हाईतर उठून चालाय लागले, म्हंजी पोरीच्या लग्नात इघ्न."

"जित्या माणसाला शेजाऱ्याकडं ठिवायचं? फुटकी घागर हाय व्हय ती?" मुक्ताबाई म्हणाल्या. "ते हितंच बसतील. काय झालं तर मी बघंन."

बोलून तर बसल्या, आता करून दाखवायचं होतं. फसलं असतं तर मारुतराव पुन्हा कधी चारचौघांत बसले नसते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मेन स्विच बंद करणं सोपं होतं, पण ऐन एप्रिलात पाहुण्यांचा पंखा बंद करणारं घर दौंडपर्यंत कंजूष म्हणून गाजलं असतं. लाईट आपसूक गेली तर कुणाला बोल नाही. म्हणून त्यांनी गावातल्या मच्छिंद्र वायरमनला गाठलं. पोहे झाले की घरामागच्या मीटरचा फ्यूज काढायचा, त्यांनी हाक दिल्याशिवाय लावायचा नाही.

मच्छिंद्र हसून लोळायचा बाकी राहिला. "काकी, लोकं मला लाईट आणाय बोलवत्यात. घालवाय बोलवणारं पयलंच गिऱ्हाईक तुम्ही!"

रविवारी माजघर भरून गेलं. नवऱ्या मुलाचे वडील हौसराव यांचा सारा जन्म दौंडच्या रेल्वे यार्डात गेलेला. त्यांचं साधं "राम राम" इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत पोचायचं. मारुतराव नवं उपरणं घेऊन खुर्चीत बसले होते आणि त्यांचा हात हळूहळू कानाकडे चालला होता. ईश्वरला घाम फुटला.

पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या आणि पंखा थांबला. टीव्ही गेला, कूलर गेला, मिक्सर लस्सीच्या मध्येच बसला.

"लाईट गेली वाटतं!" हौसरावांनी साऱ्या वस्तीला कळवलं.

मुक्ताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "पाव्हणं, राग मानू नका. आमच्या मालकांना एका येळी एकच माणूस ऐकू येतं. तेवढं घटकाभर सगळ्यांनी गप ऱ्हावा."

हौसराव वरमले, पण गप्प बसले. त्यांना बघून बाकीचेही बसले. मुक्ताबाई नवऱ्यापुढं जमिनीवर टेकल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांची नजर आपल्यापर्यंत येईस्तोवर थांबल्या.

"आवो," त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या समृद्धीची सुपारी हाय. फोडायची ना?"

मारुतरावांची बोटं उपरण्याच्या काठाशी चाळा करत राहिली. कुणीतरी खाकरलं. ईश्वर वडिलांना आत न्यायला पुढं सरकला, पण मुक्ताबाई हलल्या नाहीत. उत्तर यायला वेळ लागतो, हे त्या गुरुवारांनी त्यांना शिकवलं होतं.

मारुतरावांनी मान वर केली.

"पोरीला इचारलं का?"

माजघरात सगळे एकमेकांकडे बघू लागले. पत्रिका विचारली होती, शेती विचारली होती, हॉलची तारीख विचारली होती. ईश्वरनं खाली मान घातली.

हेच शब्द, असेच, मुक्ताबाईंनी एकदा ऐकले होते. पाबळला, त्यांच्या स्वतःच्या सुपारीला. नवऱ्या मुलानं तोंड उघडायची रीत नसताना मारुती नावाच्या पोरानं ते विचारलं होतं. सगळी पंगत हसली होती, चुलत्यानं दटावलं होतं, पण त्यांच्या आईला उठून चुलीपाशी यावं लागलं होतं आणि लेकीला विचारावं लागलं होतं. त्या एका प्रश्नाचे उपकार मुक्ताबाईंनी जन्मभर मनात जपले होते. आजार सगळं घेऊन गेला होता, हे तेवढं त्याला नेता आलं नव्हतं.

समृद्धी आतून आली आणि आजीशेजारी बसली. तिनंही आबांची नजर येईपर्यंत वाट पाहिली.

"न्हाई आबा, कुणी इचारलं न्हाई. तुम्हीच इचारताय." ती म्हणाली. "मला पोरगा पसंत हाय."

"मग आण," मारुतराव म्हणाले.

अडकित्ता हातात आल्यावर बोटांना काही सांगावं लागलं नाही. सुपारी एका दाबात फुटली. हौसराव उठले, मारुतरावांच्या समोर वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, पण हळू बोलले, "लई उपकार झालं, मामा."

मागच्या खिडकीत मच्छिंद्रचं तोंड दिसलं. हातात फ्यूज होता, आणि समोर मुक्ताबाईंच्या ऐवजी ईश्वर उभा. तो बिचारा चपापला. "दादा... लावू का आता?"

ईश्वरनं त्या फ्यूजकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. मुक्ताबाईंनी डोळे पुसले आणि खुशाल हसल्या.

"राहू दे अजून," ईश्वर म्हणाला. "मला आबांशी बोलायचंय."

आणि घामानं भिजलेला सदरा तसाच ठेवून तो वडिलांच्या समोर, आईनं रिकाम्या केलेल्या जागेवर येऊन बसला.