नळीचं तोंड

इमारतीतले लोक तिला केकवाली म्हणत आणि तिलाही ते नाव आवडायचं. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची खाट, टीव्ही आणि बसचालक नवऱ्याचे गणवेश अडकवायची खुंटी. आतल्या खोलीत एकाच ओट्यावर घरचा स्वयंपाक आणि तिचा धंदा गुण्यागोविंदाने नांदत होते. निदान उन्हाळा लागेपर्यंत.

त्या वर्षी उन्हाळ्याने सगळ्यांचा अंत पाहिला. क्रीम भांड्यातच पाणी सोडायचं. एका वाढदिवसाचा केक गिऱ्हाइकाच्या दारात पोचेपर्यंत एका अंगाला कलला, तेव्हा ती बाई म्हणाली, "याला टेकू आणलाय का?" केकवाली हसली आणि घरी येऊन रडली.

सासूबाई सत्त्याहत्तर वर्षांच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांवर. त्यांचीही तगमग चालली होती. म्हणून नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने आईसाठी चाकांवरचा एसी पाठवला. नणंद मुख्याध्यापिका होती आणि माहेरी फोन केला तरी मुख्याध्यापिकाच असायची. "तो आईच्या खाटेजवळच राहील," तिने वहिनीला बजावलं. "इकडेतिकडे हलवायचा नाही."

कमरेएवढं पांढरं धूड होतं ते. मागून सोंडेसारखी जाड नळी निघायची आणि खोलीतली सगळी गरमी त्या नळीतून बाहेर फेकली जायची. नवऱ्याने पुठ्ठा कापून, चिकटपट्ट्या मारून नळीचं तोंड बाहेरच्या खिडकीत बसवलं. त्या दुपारी सासूबाई महिन्याभराने गाढ झोपल्या. केकवाली मात्र आत ओव्हनसमोर घाम पुसत उभी होती. मधलं दार उघडं ठेवलं की सासूबाई म्हणायच्या, "गारवा जातोय गं सगळा." ती दार लोटून घ्यायची.

मग लग्नाच्या केकची ऑर्डर आली. तीन मजली, वर पांढऱ्या गुलाबांची वेल. इतकं मोठं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. शनिवारी सकाळी तिने क्रीम फेटलं, ते पातळ होऊन बसलं. दुपारी पुन्हा फेटलं, पुन्हा बसलं. पाच वाजता माणसं केक न्यायला येणार होती. नवरा ड्यूटीवर, सासूबाई जेवून आडव्या झालेल्या, तोंड भिंतीकडे. त्यांना उठवून विचारावं असं तिच्या मनात आलं. त्या नाही म्हणाल्या तर काय, हेही आलं. तिने पुठ्ठा सोडवला आणि मशीन ढकलत आत नेलं.

आतल्या खिडकीला दाट गज होते, नळी काही त्यातून जाईना. मधल्या दाराच्या वर एक झरोका होता, बाहेरच्या खोलीत उघडणारा. ओट्यावर चढून तिने नळीचं तोंड त्यात खोचलं. गरम हवा कुठे जाणार हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने बाहेरची खिडकी सताड उघडली, पंखा पूर्ण वेगात सोडला आणि दोन-तीन तासांचाच तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हटलं. मग आत जाऊन दार लावलं आणि फटीत टॉवेल कोंबला.

अर्ध्या तासात खोली गार झाली. क्रीम शहाण्यासारखं वागायला लागलं. सुरी फिरवावी तसा थर गुळगुळीत बसत गेला आणि तिचे खांदे सैल झाले. गुलाब तर असे उतरले की तिचं तिलाच नवल वाटलं. मशीनचा घरघराट सतत चालू होता. त्यातून एकदा बाहेरून कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. तिचा हात थांबला. पाकळी अर्धवट होती. टीव्ही असेल, असं म्हणून तिने ती पाकळी पूर्ण केली.

टीव्ही सकाळपासून बंद होता.

पावणेपाचला तिने दार उघडलं, तर ओव्हनचं झाकण उघडल्यासारखी वाफ अंगावर आली. सासूबाई अर्ध्या खाटेवर, अर्ध्या खाली. अंग चटका बसावा इतकं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी बडबडत होत्या, त्यातला एकही शब्द लागत नव्हता. केकवालीने काखेत हात घालून त्यांना आत ओढत आणलं, गार फरशीवर निजवलं, अंगावर पाणी ओतलं आणि खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना हाका मारल्या.

नर्सबाई आल्या, मानेला आणि काखेत बर्फ लावला, अँब्युलन्सला फोन केला. मग त्यांची नजर वर गेली. नळी, झरोका, आणि ओट्यावरचा तीन मजली केक.

"ती नळी आधी काढ," त्या म्हणाल्या. "लोकं येतील आता घरात."

बेल वाजली. अँब्युलन्स असेल म्हणून ती धावली, तर नवरीची आई आणि सोबत एक माणूस. केकवालीने त्यांना दारातच थांबवलं, सासूबाईंच्या पायांवरून वाकून केक उचलला आणि बाहेर आणून दिला. नवरीची आई बघतच राहिली. "किती सुरेख झालाय हो," ती म्हणाली. केकवाली म्हणाली, "सावलीतून न्या."

आठ दिवस सासूबाई हॉस्पिटलात होत्या. जीव वाचला, पण जीभ जड झाली आणि उजवा हात कापायला लागला. नणंद पहिल्याच रात्री प्रवास करून आली होती. आई शुद्धीवर आल्यावर तिने भावासमोर आणि वहिनीसमोरच विचारलं, "मशीन आत कोणी नेलं?"

केकवालीने खाली बघितलं.

"मीच म्हटलं, ने," सासूबाई अडखळत म्हणाल्या. "मला थंडी वाजत होती."

"या उन्हाळ्यात?"

"म्हातारीला वाजते."

नणंदेला खरं वाटलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती डॉक्टरांना भेटायला गेली, नवरा औषधं आणायला खाली उतरला. केकवालीने सासूबाईंचा हात धरला आणि तिला हुंदका आवरेना. "आई, तुम्ही मला सांभाळून घेतलंत."

सासूबाईंनी हळूच हात सोडवून घेतला.

"तुला नाही," त्या म्हणाल्या. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "ताईने भावाचं तोंड पाहिलं नसतं पुन्हा. त्याला बहीण एकच आहे." मग म्हणाल्या, "मी हाका मारल्या होत्या. तीनदा."

हॉस्पिटलातून सासूबाई लेकीकडेच गेल्या. निघताना नणंद वहिनीला म्हणाली, "मशीन राहू दे तुला. केकला लागेल."

लग्नाच्या केकचे फोटो बघून फोन यायला लागले. आठवड्यात पाच ऑर्डरी. एसी आता आतच असायचा, त्याच झरोक्याखाली. बाहेरच्या खोलीत आता दिवसा कोणीच नसायचं. रविवारी नवरा बहिणीला फोन लावायचा, आईशी बोलायचा आणि बोलून झालं की फोन बंद करायचा. सुरुवातीला ती हात पुढे करायची. नंतर तिने ते सोडलं.

एकदा संध्याकाळी तो ड्यूटीवरून आला, शर्ट पाठीला चिकटलेला. तिने आतून सांगितलं, "इकडे येऊन जेवा, गार आहे."

त्याने ताट खाटेवर ठेवून घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

"इथेच ठीक आहे," तो म्हणाला. "दार लाव तुझं."