दोन खाली, चार वर

संग्रहालयात पाठीमागे सगळे तिला 'जोडबाई' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. नावात वावगं काही नव्हतं. तिची अख्खी कारकीर्द जोडीवरच उभी होती.

सिंधू संस्कृतीच्या एका लहानशा नगराच्या उत्खननात, कुंभारांच्या भट्टीजवळ, तिला तरुणपणी भाजलेल्या मातीच्या त्रिकोणी वड्या सापडल्या होत्या. तळहातात मावतील एवढ्या. तशा वड्या त्या काळच्या नगरांत पैशाला पासरी मिळतात. कोणी म्हणतं चुलीत ठेवायच्या, कोणी म्हणतं जमिनीत बसवायच्या. पण हिच्या वड्यांच्या कोपऱ्यांवर खाचा होत्या. बारीक, चपट्या, उथळ. एका बाजूला दोन, आणि वडी उलटली की दुसऱ्या बाजूला चार. कुठे दोन-दोन, कुठे चार-चार. एक तर बरोबरी, नाही तर दुप्पट. त्या लोकांची तोलायची वजनं दुपटीने वाढत जातात हे जाणकारांना आधीपासून माहीत होतंच, तेव्हा ही कुंभारांची मोजणी आहे असं हिने मांडलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे पाठ्यपुस्तकात त्यावर अर्धं पान आलं. ज्यांचं तेवढंही आलं नाही ते लोक तिच्याशी जरा जपून बोलू लागले.

कुरकुर दोनच गोष्टींची होती. काही वड्यांवर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन खाचा होत्या. त्यांच्यापुढे तिने 'मोजणाऱ्याची चूक' असं लिहून टाकलं होतं. दुसरी कुरकुर अशी की, या खाचा ज्या हत्याराने पाडल्या ते काही सापडेना. बोरू, हाडाची काडी, तांब्याची पट्टी, शिंपल्याची धार, सगळं तिने ओल्या मातीवर दाबून पाहिलं. बोरूची खाच फार गोल यायची, तांब्याची फार सरळ. घरच्या कपाटात खणाखणांचा एक लाकडी ट्रे होता. प्रत्येक खणात एकेक हत्यार, खाली चिठ्ठी. शेवटच्या खणात फक्त चिठ्ठी होती: 'अज्ञात'.

आता महिनाअखेरीस ती निवृत्त होणार होती. संग्रहालयाचं नवं दालन त्याआधीच उघडायचं होतं, आणि दालनाच्या मधोमध, एकट्या काचेच्या पेटीत, तिची वडी. शेजारी माणसाच्या उंचीची पाटी: 'जोडीने मोजणारी माणसं'. खाली तिचं नाव. संचालक तिचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला होता, "बाई, हत्याराचं चित्र तेवढं द्या. लोक विचारतातच, कशाने केलं म्हणून." म्हणून ती रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, ओल्या मातीच्या वड्या करून, पुन्हा एकदा नशीब आजमावत होती.

लेक महिनाभर राहायला आली होती. ती कडेवर पोर घेऊन चहाचा कप शोधत टेबलाशी वाकली, तेवढ्यात पोरीने हात घातला, वडीचा कोपरा थेट तोंडात.

"आई, तुझं संशोधन खाल्लं हिने." लेकीने बोट घालून माती काढली. "थू कर, ठकूबाई. शी. आजीला विचारून खायचं असतं."

आजीने वडी परत घेतली. कोपरा पुन्हा सारखा करायला अंगठा टेकवणार, तो तिचा हात थांबला. खालच्या बाजूला दोन खाचा होत्या. बारीक, चपट्या, उथळ. तिने वडी उलटली. चार.

तिने चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

"हिला किती दात आलेत?"

"खाली दोन, वर चार. त्याचंच तर गेले काही दिवस रडगाणं चाललंय. परवा जेवताना सांगितलं मी तुला."

"मी ऐकलं नव्हतं."

"ते आलं होतं लक्षात. तू हं म्हणालीस ना."

तिने खोलीतून मोजपट्टी आणली. खाचेची लांबी, दोन खाचांमधलं अंतर, सगळं मोजलं. पोरीच्या खाचा उत्खननातल्या वड्यांवरच्या खाचांपेक्षा मोठ्या भरल्या. थोड्याच, पण मोठ्या. तिने मोजपट्टी खाली ठेवली, चहा घेतला, लेकीला म्हणालीसुद्धा, "थंडी आहे नाही आज?" एवढ्यावर थांबता आलं असतं. माप जुळत नाही म्हटल्यावर कोणीही थांबलं असतं.

पण माती वाळताना आकसते आणि भाजताना आणखी आकसते, हे तिनेच दरवर्षी नव्या मुलांना पहिल्या तासाला शिकवलं होतं.

"वरचे चारही एकदम आले?" तिने विचारलं.

"एकदम कुठले? आधी मधले दोन. मग शेजारचा एक. चौथ्याने आठवडाभर वाट बघायला लावली."

"म्हणजे मध्ये तीन होते."

"हो. फार गोड दिसायची. फोटो आहेत, दाखवू?"

तिने फोटो पाहिले. मोजणाऱ्याची चूक हिरड्या दाखवत हसत होती.

"आणि तुझे?" ती म्हणाली. "तुझे कसे आले होते?"

लेक हसली. "घ्या. मला विचारतेय. माझे दात आले तेव्हा मी तोंड उघडलंच असेल की, बघायला तू नव्हतीस. आजी सांगायची ना, तू उत्खननावरून आलीस, मला उचललंस, आणि मी तुला ओळखलं नाही, चावले."

लेकीच्या आवाजात राग नव्हता. घरात पुन्हा पुन्हा सांगून गुळगुळीत झालेला तो किस्सा होता, आणि आजवर आईही त्यावर हसत आली होती. त्या हंगामात आपण कुठे होतो, हे तिला आठवावं लागलं नाही. त्याच भट्टीजवळ, गुडघ्यांवर, हातात ब्रश. पहिली वडी मातीतून वर आली ती त्याच महिन्यात. इकडे पोरीचे दात येत होते आणि तिकडे ती दात मोजत होती.

पोरीची वडी तिने सावलीत वाळवली. मग डब्यात कापूस घालून संग्रहालयात नेली आणि प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत भाजली. दुसऱ्या दिवशी संचालकाच्या टेबलावर दोन वड्या शेजारी शेजारी ठेवल्या, एक पेटीतली, एक घरची.

त्याने दोन्ही भिंगाखाली पाहिल्या, उलटून पाहिल्या. "बाई, सापडलं म्हणा की हत्यार." त्याचा चेहरा फुलला होता. "अगदी तंतोतंत. कशाने केली ही?"

"नातीने."

"कशाने पण?"

"दातांनी."

तो हसला. मग तिच्याकडे पाहून हसायचा थांबला. भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे मोजणी नाही."

"नाही."

"एका पोराने चावलेली माती."

"एकाने नाही. बऱ्याच पोरांनी."

"बाई, पाटी छापून आलीये. पाहुणे ठरलेत." त्याने आवाज उतरवला. "आणि हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे? तुम्ही निवृत्त व्हा सुखाने. दहा वर्षांनी कोणीतरी शोधेल, त्याला नाव मिळेल. आता हे काढलंत तर आपलेच दात, आपलेच ओठ. लोक हसतील."

ती खिडकीकडे बघत होती. अर्धं पान. एवढंच तर होतं, आणि तेवढ्यासाठी किती हंगाम. तो म्हणाला तसं केलं तर काही बिघडणार नव्हतं. खाचा होत्या तशाच राहिल्या असत्या, पोरंही चार हजार वर्षांपूर्वीच मोठी होऊन गेली होती.

"मी नातीला कडेवर घेऊन त्या पाटीसमोर उभी राहणार," ती म्हणाली, "आणि ती तोंड उघडून हसणार. मला नाही जमायचं ते."

"बाई—"

"हसतील त्यांचे दात दिसतील. पाटी बदल. वडी मधोमधच राहू दे. आणि एक लक्षात घे. पोराने चावलं की आपण माती पुन्हा थापतो. मीपण थापणार होते. त्यांनी नाही थापली. चावलेली वडी तशीच भट्टीत घातली, एकदा नाही, कितीदा तरी. का?"

"का?"

"मला काय माहीत? मी आत्तापर्यंत मोजत होते."

त्याने कागद पुढे ओढला. नव्या पाटीसाठी दोघे दुपारभर भांडले. 'दंतचिन्हांकित' हा त्याचा शब्द तिने खोडला. तिचं नाव खाली ठेवायचं की काढायचं यावर तो अडून बसला, आणि अखेर नाव राहिलं, 'आधी मोजणी मानली, नंतर दुरुस्त केली' या ओळीसकट.

संध्याकाळी लेकीने ऐकून घेतलं. पोर तिच्या मांडीवर लाकडी डाव चघळत होती.

"म्हणजे त्या बायका पोरं घेऊन कामावर बसायच्या," लेक म्हणाली.

"असं दिसतं."

"आणि कोणी काही म्हणत नव्हतं."

"तेवढं मातीवरून कळत नाही."

लेकीने पोर आईच्या मांडीवर ठेवली. "धर. मी भात लावते. बोट देऊ नकोस तिच्या तोंडात."

आजीने कपाटातला ट्रे खाली काढला. नातीच्या वडीवर कोपऱ्यात, वस्तूंवर घालतात तसा, शाईने बारीक आकडा घातला आणि वर पारदर्शक लेप दिला, म्हणजे शाई पुसायची नाही. वडी शेवटच्या खणात बसली. 'अज्ञात'ची चिठ्ठी तिने काढली आणि नवी लिहायला घेतली.

मग पेन तसंच ठेवून तिने पोरीच्या हिरडीवरून बोट फिरवलं, खालच्या बाजूने, दोन दातांच्या पलीकडे. तिथे काहीतरी टणक लागलं.

"अगं," तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली, "हिचा तिसरा येतोय खाली. बघ तरी."

"बोट देऊ नकोस म्हटलं ना," आतून आवाज आला, आणि तेवढ्यात पोरीने ते चावलंच.