मेणाच्या दोऱ्यावरील साखर

वाचकहो, साखरेचे स्फटिक घरच्या घरी वाढविण्याच्या प्रयोगात एका बापाने आपली मुलगी कशी गमावली, त्याचा यथातथ्य वृत्तांत पुढील ओळींत सादर करीत आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले. बाकीचे भाषाज्ञान पुस्तके बांधता बांधता उघड्या पानांवरून वेचलेले आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

मी व्यवसायाने बाइंडर. गल्लीत मला डिंकोबा म्हणतात. पत्नी निवर्तल्यास दोन वर्षे झाली. तेव्हापासून मी व माझी सहावीतील कन्या दुकानामागील एका खोलीत राहत होतो. विज्ञानाचे दोन गृहप्रयोग तिने सादरच केले नाहीत, अशी चिठ्ठी शाळेतून आली, आणि ती बातमी कानी पडताच तिची मावशी, जी परगावी परिचारिका आहे, थेट दुकानात येऊन उभी राहिली.

"भावोजी, पोर अभ्यासाला बसते कुठे? या पुठ्ठ्यांच्या ढिगावर?"

"ढीग हलवतो मी, मावशीबाई."

"दोन वर्षं हलवताय! आता एकच सांगते. तिसरा प्रयोग तिच्याकडून नीट पुरा करून घ्या. पुढच्या रविवारी मी बघायला येते. नाही जमलं, तर पोर माझ्याकडे."

मी मान डोलावली. मुलीस मात्र या बोलीविषयी चकार शब्द सांगितला नाही.

त्याच सायंकाळी आम्ही एक पेला पाणी उकळून त्यात तीन पेले साखर विरघळविली. पाक काचेच्या बरणीत ओतला. बरणीच्या तोंडावर पेन्सिल आडवी ठेवून तिला दोरा बांधायचा होता. मी माझा सर्वोत्तम दोरा काढला, मेणावर तीनदा ओढून गुळगुळीत केलेला.

"बाबा, पुस्तकात साधा सुती दोरा लिहिलाय."

"या दोऱ्याने शिवलेली रजिस्टरं तीस वर्षं उसवत नाहीत. साखरेचं काय घेऊन बसलीस!"

कन्या हसली. "तुमच्या दोऱ्याला साखर घाबरली नाही म्हणजे मिळवली."

दुसऱ्या दिवशी तिने निरीक्षण वहीत लिहिले, 'काही नाही.' तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बरणीच्या बुडाशी कण चमकू लागले, परंतु दोरा होता तसाच कोरा.

"दोरा निसरडा आहे, बाबा. साखरेला धरायला काही नाही. बदलू या?"

मी बदलू दिला नाही. माझे मेण खोटे ठरते, हे मला सोसवले नाही. पाचव्या दिवशीही दोरा कोराच राहिला तेव्हा माझ्या तोंडचे पाणी पळाले. नव्याने आरंभ करण्यास दिवस उरले नव्हते. शिवणीत माझे टाके तिरके पडू लागले. एका गिऱ्हाइकाचे पुस्तक मी उलट्या पुठ्ठ्यात बांधले.

सहाव्या दिवशी, मुलगी शाळेत असता, मी बाजारातून खडीसाखर आणली. एकेक खडा खळीने दोऱ्यास चिकटविला, वाळू दिला आणि दोरा पुन्हा पाकात सोडला. चिकटविणे हेच माझे कसब. ते इतके नेटके कधी साधले नव्हते.

ती आली. बरणीकडे बघत उभी राहिली.

"बाबा, यांचे कोपरे झिजलेत. हे डब्यात एकमेकांवर घासलेत."

"तू फक्त लिही. स्फटिक आले म्हणून लिही."

"खोटं?"

मग माझ्याच्याने राहवले नाही. मावशीची अट, रविवार, सारे काही मी सांगून टाकले. पेन उचलून तिने लिहिले, 'सहावा दिवस. दोऱ्यावर स्फटिक आले.' अक्षर तिचे वाटत नव्हते.

रविवारी मावशीबाईंनी पेन्सिल धरून दोरा वर उचलला. खळ पाकात भिजून सुटली होती. सारे खडे बुडाशी पडले होते आणि दोरा ओला, कोरा, लोंबत होता. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली.

"हे सहाव्या दिवसाचं तू डोळ्यांनी पाहिलंस, बाळा?"

"हो मावशी," माझी मुलगी म्हणाली. तिने नजर खाली वळविली नाही. माझ्यासाठी ती इतक्या सफाईने खोटे बोलली की मला ते ऐकवेना.

"तिने नाही," मी म्हणालो. "मी लिहायला लावलं. खडेही माझेच."

मावशीबाईंनी वही मिटली. "भावोजी, पोरीने चार दिवस 'काही नाही' असं खरं खरं लिहिलं होतं. दोरा का धरत नाही तेही लिहिलंय. एवढ्यावर मी तिला इथेच ठेवली असती. फसलेला प्रयोगसुद्धा पुराच असतो हो. पण पोटच्या पोरीला खोटं शिकवता?"

मी हात जोडले, पाया पडतो म्हणालो. त्या बाजूला सरकल्या.

कपडे भरण्यास फार वेळ लागला नाही. मुलगी उंबऱ्यात थांबली. "बाबा, मी खोटं बोलले म्हणून नेतायत का मला?"

"नाही गं राणी. तुझं काही चुकलं नाही."

"मग तुम्ही खरं का सांगितलंत?"

मी तिची कपड्यांची पिशवी रिक्षात ठेवली. रिक्षा निघून गेली.

आज त्यास चार महिने झाले. माझी दोन पत्रे गेली; उत्तर मावशीबाईंचे आले, त्यात 'परीक्षेनंतर बघू' एवढेच आहे. त्यांचे मन वळविण्याचा उपाय कोणा वाचकास ठाऊक असल्यास कृपा करून दुकानी येऊन सांगावा, कितीही कठीण असो. येथवर वाचण्याची तसदी घेतल्याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
डिंकोबा बाइंडर