आत्याबाईंच्या हातचा हलवा

परवा नातसून गुलमंडीवरून हलव्याच्या दागिन्यांचा डबा घेऊन आली. पारदर्शक प्लास्टिकचा डबा, आत लाल मखमलीवर मांडलेला हार, नथ, बाजूबंद, कंबरपट्टा. मी एक दाणा नखाने उचकटून पाहिला. हलवा कसला! साबुदाण्याला पांढरा रंग देऊन तो कसल्याशा रसायनाने पुठ्ठ्यावर चिकटवलेला.

"आजी, तो खायचा नसतो. फोटोपुरता असतो," ती म्हणाली.

खायचा नसेल तर त्याला हलवा कशाला म्हणायचं? तिळावर साखर चढवायची, त्याचे दागिने करून नव्या नवरीच्या अंगावर घालायचे, आणि संध्याकाळी पोरांनी ते तिच्या गळ्यातून तोडून खायचे, यात सगळी मजा. पण मी फार बोलले नाही. विकत आणून 'विकत आणलं' म्हणणारी माणसं त्या मानाने बरी. आमच्या घरात याहून मोठं सोंग होतं, आणि अख्खी नागेश्वरवाडी त्याला नावाजत होती.

पोलीस ॲक्शननंतर माझे सासरे नानासाहेब देशमुख वैजापूरकडची जमीन वाटेकऱ्यांवर सोपवून औरंगाबादला आले आणि नागेश्वरवाडीत घर बांधून राहिले. मी थोरली सून, चतुरा. सासूचं नाव मनकर्णाबाई. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणत असू. शहरात आल्यावर आत्याबाईंना आपण कशात तरी पुढे असावं असं फार वाटू लागलं. गाता येत नव्हतं, वाचायचा कंटाळा होता, स्वयंपाक बेताचा. मग त्यांनी हलवा धरला.

आमच्याकडे रीत अशी, की सुनेच्या पहिल्या संक्रांतीला सासूने स्वतःच्या हाताने हलवा करायचा, त्याचे दागिने गुंफायचे आणि ते तिला घालायचे. सुनेने त्या परातीला बोटही लावायचं नाही. आपली भेट आपणच केली तर तिला भेट कोण म्हणेल? रीत चांगली होती. सासूची बोटं आयुष्यात एकदा तरी सुनेसाठी भाजावीत, असं जिने कुणी ती काढली तिच्या मनात असणार.

आत्याबाईंनी ती अशी पाळली, की पौष लागला की परात, तीळ आणि साखर सुनेपुढे ठेवायची, माजघराचं दार ओढून घ्यायचं, आणि संक्रांतीला बायकांसमोर म्हणायचं, "माझ्या हातचा आहे बरं." माझे दागिने मीच केले होते. मधल्या जावेने तिचे तिनेच केले. ती पुढे नवऱ्याबरोबर नांदेडला गेली आणि सुटली. मग गोदा आली.

गोदा पैठणची. धाकट्या दिराची, बद्रीनाथची बायको. वडील शाळामास्तर, पोरगी मॅट्रिक झालेली. लग्नाआधीच तिने जिल्हा परिषदेत अर्ज केला होता, आणि लग्नानंतर मुकुंदवाडीच्या शाळेत नेमणूक झाली. मुकुंदवाडी तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं. संक्रांतीनंतरच्या सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाणार. गोदाला ती नोकरी हवी होती. भूक लागल्यावर भाकरी हवी असते तशी. रात्री भांडी घासताना ती तोंडातल्या तोंडात कविता म्हणायची, पोरांना शिकवायच्या म्हणून.

बद्रीनाथला तिने विचारलं. तो म्हणाला, "आईला विचार." त्या माणसाने उभ्या जन्मात याखेरीज दुसरं मत दिल्याचं मला आठवत नाही.

आईला विचारलं. आत्याबाई अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणाल्या, "आधी सण होऊ दे. तुझं मन किती लागतं घरात ते बघू. मग सांगते." आणि सुपारी तोंडात टाकून परातीकडे बोट दाखवलं.

बिचारी गोदा खुश झाली. तिला वाटलं, हलवा चांगला झाला की परवानगी मिळाली.

पहाटेची थंडी हलव्याला चांगली, म्हणून आम्ही दोघी उजाडायच्या आधीच शेगडी पेटवायचो. निखाऱ्यावर राख घालून तो मंद करायचा. परातीत तीळ. साखरेचा पातळ पाक चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हळूहळू फिरवत राहायचं. वाळला की पुन्हा थेंब. घाई केली की गोळा होतो, जोर दिला की काटा मोडतो. असं रोज करत राहिलं की तिळावर पांढरे बारीक काटे उभे राहतात. मग दुहेरी दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा आवळून हार करायचा. शहागंजातल्या कमरोद्दीनच्या पतंगाच्या दुकानातून मी सोनेरी बेगड आणली होती, ती नथीला आणि बिंदीला लावली.

"अक्का, तुमच्या वेळी कुणी केला होता हलवा?" गोदाने विचारलं.

"आत्याबाईंनी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही दोघींनी तोंडात पदर कोंबला, नाहीतर हसणं माजघराबाहेर गेलं असतं.

हलवा सुरेख झाला. जाईच्या कळ्या टोचाव्यात तसे काटे. गोदाची बोटं मात्र टोकांना लाल होऊन सोलली होती. ती रात्री त्यांना तूप लावून झोपायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या वेळी वैजापूरहून आवडाबाई आल्या होत्या. नानासाहेबांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाईंची नणंद. आत्याबाई अख्ख्या जगात भीत असतील तर या एका बाईला. आवडाबाई जाड भिंगांचा चष्मा लावायच्या आणि मान वाकडी करून बघायच्या, कोंबडीने दाणा बघावा तसं.

काळी चंद्रकळा आणि अंगभर पांढरे दागिने घालून गोदा पाटावर बसली. बायका हार हातात घेऊन बघू लागल्या. आत्याबाई मध्ये उभ्या.

"पोरीला परातीला हात लावू दिला नाही मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, नवी नवरी, बोटं भाजतील. आमचं काय, आमची बोटं मेलेली."

"तुमचा हात म्हणजे काय मनकर्णाबाई! अगदी देवाघरचा."

"सवयीनं येतं हो."

मी वाण देत होते. माझ्या हातातली वाटी मी जपून खाली ठेवली, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात घातली असती.

आवडाबाई गोदाच्या हातात हलव्याची बांगडी सरळ करायला वाकल्या. त्यांनी तिचा पंजा उलटा केला, चष्म्याजवळ नेला आणि बोटांची टोकं एकेक करून पाहिली.

"हे काय गं?"

गोदाने तोंड उघडायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या, "पाणी तापवताना भाजलं वन्सं. धांदरट आहे जरा."

"सगळी बोटं एकदमच बुडवली वाटतं पाण्यात," आवडाबाई म्हणाल्या. मग त्यांनी भावजयीचा हात धरला, कौतुकाने धरल्यासारखा. आत्याबाईंची बोटं लोण्यासारखी, त्यात दोन अंगठ्या. "मनकर्णा, नातवाचं बोरन्हाण करायचंय मला रथसप्तमीच्या आत. त्याचे दागिने तुझ्याच हातचे पायजेत. सोमवारी सकाळी परात मांड. पहिला हात माझ्यादेखत फिरव, मला बी शिकू दे म्हातारपणी. दुपारच्या यष्टीनं मी जाईन."

"वन्सं, कशाला तुम्ही धुरात बसताय…"

"धूर काय मला नवा हाय व्हय?"

बायकांनीही आग्रह धरला. शेजारच्या दोघी म्हणाल्या, आम्हीपण येतो बघायला. आत्याबाईंनी हसून मान डोलावली.

रविवारी संध्याकाळी गोदाने विषय काढला. "आत्याबाई, उद्या शाळेत हजर व्हायचंय. तुम्ही सणानंतर सांगते म्हणाला होतात."

"सांगते की. नाय जमायचं." आत्याबाई पान लावत होत्या. "देशमुखांची सून पोरांचे शेंबूड पुसायला मुकुंदवाडीला जाणार? लोक शेण घालतील तोंडात. आन् उद्या तर मुळीच नाय. उद्या तू शेगडीपाशी पायजे मला."

"मी कशाला? हलवा तर तुम्ही करणार."

"निखारा बघायला."

"उद्या नाही गेले तर जागा जाईल, आत्याबाई."

"जाऊ दे. जागेला काय सोनं लागलंय?"

गोदाने पाया पडून पाहिलं. रडून पाहिलं. मी मध्ये बोलले तर मला म्हणाल्या, "तू तुझी पोळी लाट." बद्रीनाथ पडवीत वर्तमानपत्र वाचत होता. पान उलटण्याचा आवाज तेवढा येत होता.

मला तेव्हा वाटलं होतं, ही बाई सोमवारी डोकं दुखतंय म्हणून पडून राहील. पण नाही. पहाटे अंघोळ करून, जरीकाठी लुगडं नेसून त्या परातीपुढे येऊन बसल्या. इतकी वर्षं 'माझ्या हातचा' म्हणून म्हणून आत्याबाईंना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं होतं. आपण परातीत हात घातला की काटा येणारच, असा त्यांचा चेहरा होता. खोटं बोलणारं माणूस मी समजू शकते. स्वतःच्या थापेवर इतका भरवसा ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आवडाबाई पाटावर, शेजारणी भिंतीला टेकून. आत्याबाईंनी तीळ टाकले, निखारा फुंकून चांगला लाल केला, आणि पाकाची पळी भरून घेतली. चमचा नव्हे, पळी. ती सगळी परातीत ओतली आणि वर हात घातला.

"आई गं!"

हात झटक्यात बाहेर आला. बोटांना पाक, पाकाला तीळ. परातीत सगळं एकत्र झालं आणि कडेने तपकिरी होऊ लागलं. आत्याबाईंनी उलथनं मागितलं. मी दिलं. उलथन्याने हलवा करणारी बाई त्या शेजारणींनीही पहिल्यांदाच पाहिली असेल.

"मनकर्णे, ही चिक्की व्हतीय की गं," आवडाबाई म्हणाल्या.

"आज साखरच खराब आहे वन्सं. गोदे! अगं ए गोदे, इकडं ये. जरा परात धर."

गोदा माजघराच्या दारात आली. बाहेर जायचं निळं लुगडं नेसलेली, खांद्यावर पिशवी. सकाळपासून ती तयार होऊन बसली होती, हे मलाही माहीत नव्हतं. तिच्या मागे पडवीत बद्रीनाथ चप्पल घालावी की नको अशा विचारात एक पाय पुढे करून उभा.

"कुठं निघालीस? ये, बस इथं. हात फिरव जरा."

गोदा दारातच थांबली. "मी कशी हात लावू आत्याबाई? मला कुठं येतं? तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, पोरीला परातीला हात लावू दिला नाही. मी नुसता लांबून बघितला हलवा. उगाच बिघडवीन."

माजघरात जळक्या साखरेचा वास भरला होता.

"खरंच की," आवडाबाई मान वाकडी करून म्हणाल्या. "तूच म्हणालीस ना मनकर्णा, तिनं हात लावला नाय म्हणून?"

आत्याबाईंनी गोदाकडे पाहिलं, मग परातीकडे. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की हलवा हिनेच केला होता, हिला बसू द्या. गोदा बसली असती. नव्या सुनेला वडीलधाऱ्यांसमोर दुसरं काही करता आलं नसतं. शाळेची वेळ टळली असती, जागा गेली असती, आणि ती जन्मभर त्या शेगडीपाशी राहिली असती. घरातलं एक माणूस बांधून ठेवायला एक खरं वाक्य पुरे होतं.

पण खरं बोलायचं म्हणजे शेजारणींसमोर बोलायचं.

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "हिला नाय येत."

"मग जाऊ दे की तिला. कुठं निघालीस गं पोरी?"

"शाळेत. मुकुंदवाडीला. आज हजर व्हायचंय."

"आन् मनकर्णानं परवानगी दिली?"

सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या उलथन्याने परात खरवडत होत्या. परात कर्कश किंचाळत होती.

"जा," त्या मान खाली घालून म्हणाल्या.

गोदाने तिथूनच वाकून नमस्कार केला आणि ती गेली. बद्रीनाथने तोवर दुसऱ्या पायातही चप्पल घातली होती. बहुधा आईने 'जा' म्हटलं ते आपल्यालाच, असं समजून तो टांगा बोलवायला धावला. त्याच्या हातून घडलेलं ते एकमेव चांगलं काम.

आवडाबाईंनी परातीतला तुकडा तोडून तोंडात टाकला आणि दुपारच्या यष्टीने वैजापूरला गेल्या. बोरन्हाणाचा हलवा आत्याबाईंनी शहागंजातल्या हलवायाकडून आणवून पाठवला. स्वतःचा म्हणून.

पुढच्या संक्रांतीला पुन्हा हळदीकुंकू झालं. गोदा शाळेतून थेट आली, बाह्यांवर खडूची भुकटी. बायकांनी चौकशी केली, पगाराची, पोरांची. आत्याबाई मध्ये उभ्या होत्याच.

"आमच्या घराण्यात कुणी सुनेला बाहेर पाठवलं नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "सगळे नाही म्हणत होते. मीच म्हटलं, जा गोदे. शिकलेल्या पोरीला काय चुलीपाशी कोंडायचं?"

"तुमच्यासारखी सासू मिळायला पुण्य लागतं," एक शेजारीण म्हणाली. गेल्या वर्षी भिंतीला टेकून बसलेल्या दोघींतलीच ती एक.

मी गोदाकडे पाहिलं. तिने त्या बाईच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, "खरंय. त्यांनी जा म्हटलं म्हणूनच गेले मी."

आत्याबाई इतक्या फुलल्या, की त्यांनी सगळ्यांना दुसऱ्यांदा कुंकू लावलं.