पट्टेवाली पुंगळी

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. मित्रांनो, पिस्तुलातून गोळी निघून जाते आणि मागे जी रिकामी नळी उरते ना, ती मी. नाव सगळं गोळीचं होतं. पण ती एकदा गेली की गेली. परत परत कामाला येते ती मीच! थोडी फुशारकी मारते आहे खरी, पण तेवढा हक्क मी कमावला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेची चकती दाबून, ओढून मला घडवलं, तेव्हा मी नुसती झगमगत होते. हुडकेश्वरच्या पुढच्या नेमबाजी क्लबात आले आणि पहिल्याच बारात माझं रूप पालटलं. इतर पिस्तुलांत काडतूस बसायची जागा आतून गुळगुळीत असते. आमच्या क्लबच्या जुन्या पिस्तुलात मात्र तिथे उभ्या खाचा कोरलेल्या आहेत, रिकामी पुंगळी अडकून बसू नये म्हणून. बार उडाला तसा गरम धूर त्या खाचांत शिरला आणि मी बाहेर पडले ती अंगभर काळे पट्टे घेऊनच.

"जळाल्या ह्या, भंगारात टाका," म्हणत लोकांनी आम्हाला 'भंगार' लिहिलेल्या डब्यात लोटलं. लकडगंजच्या भंगारवाल्याकडे जायची आमची तयारीच झाली होती. फार वाईट वाटलं हो. काम चोख केलं, तरी कोणी हात लावेना.

तेवढ्यात दामिनीवर अडचण आली आणि आमचं नशीब उघडलं. ही क्लबातली कॉलेजात शिकणारी मुलगी. त्या जुन्या पिस्तुलावरच तिचा हात बसला होता. रविवारी राज्य संघाची निवड होती आणि ज्युनियर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. नवी काडतुसं काही केल्या येईनात. पुंगळ्या पुन्हा भरायचा परवाना होता प्रशिक्षक चारुशीलाताईंकडे. त्यांनी आमचा डबा टेबलावर उपडा केला आणि एकेकीच्या अंगावरून नख फिरवलं.

"पट्टे वरवरचे आहेत वं. साच्यातून काढल्या का सरळ होतीन. तडा गेलेल्या तेवढ्या बाजूले ठेव."

आता अंकुशचा प्रताप ऐका. हा दामिनीसोबत सराव करणारा पोरगा, मदतीला सदा पुढे. त्याच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या आधी सगळी पितळी भांडी चिंच लावून लख्ख होतात. आम्हीही पितळेच्याच, म्हणून त्याने आम्हालाही चिंच लावली. पट्टे हटेनात, तेव्हा पठ्ठ्याने पॉलिशपेपर काढला आणि माझ्या बहिणींना घासून घासून नवरीसारखं चमकवलं!

दामिनी आली आणि किंचाळलीच. "काहून घासून राहिला गा? पातळ झाल्या ना साऱ्या!"

"मले वाटलं, चमकल्या तर तुले बरं वाटन," अंकुश पुटपुटला.

"चमकून काय करू मी? बार झाला का फाटतीन त्या!"

घासलेल्या सगळ्या बाद झाल्या. डब्याच्या तळाशी त्याचा हात पोचला नव्हता, म्हणून आम्ही वाचलो. ताईंनी आम्हाला धुतलं, साच्यातून काढलं, भरलं. चाचणीचे बार अगदी नीट निघाले. उरलेल्या आम्ही जेमतेम निवडीपुरत्या होतो, सरावाला एकही नाही. अंकुश मान वर करेना.

रविवारी दामिनीचे आणि तिच्या शेजारच्या मुलीचे गुण सारखे झाले. एकच जागा उरली होती. दोघींना एकेक बार मिळाला. शेजारणीला नऊ मिळाले आणि दामिनीच्या पिस्तुलात मी होते.

धाड!

मी बाहेर भिरकावली गेले आणि टणकन फरशीवर पडले, तीही भिंतीकडे तोंड करून. निकाल दिसेना! जीव नुसता कासावीस झाला.

"दहा! दामिने, दहा आले वं!" हा अंकुशचा आवाज. मला तर टाळ्यांचा आवाज थेट शहरातल्या सदरपर्यंत गेला असेल असं वाटलं.

दामिनीने मला उचललं तेव्हा मी अजून गरम होते. अंकुश म्हणाला, "हिले फ्रेम करून भिंतीवर लावू." भिंतीवर नुसती शोभेला? नको रे बाबा!

"भिंतीवर काहून? नॅशनलले लागते मले हे," दामिनी म्हणाली आणि मला डब्यात टाकलं. त्या डब्यावर आता भंगार नाही, दामिनीचं नाव आहे.

मित्रांनो, पट्टे पाहून कोणाला भंगारात काढू नका. तडा आहे का तेवढं बघा, आणि नसेल तर कामाला लावा. माझ्या जुन्या पट्ट्यांवर आता नवे पट्टे चढले आहेत. छान दिसतात मला. घासू मात्र नका!