मिक्सरवरचं स्वस्तिक

"हे काय आहे, मावशी?" रतनशेठनी मिक्सर काउंटरवर फिरवला आणि त्याच्या पांढऱ्या अंगावर बोट ठेवलं.

"स्वस्तिक," हेमा म्हणाली.

"ते दिसतंय हो. पण बदलून द्यायला पीस कसा पाहिजे, बॉक्समधून निघाला तस्सा. तुम्ही तर पूजा करून बसलात."

"मग नवी वस्तू घरात आल्यावर काय करतात? गुढीपाडव्याला तुम्हीच हातावर पेढा ठेवलात ना?"

पेढा ठेवला होता खरा. कोपरीतल्या त्या दुकानात पाडव्याला मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि पेढ्याबरोबर रतनशेठ प्रत्येकाला सांगत होते, "सात दिवसांत काही झालं तर डोळे मिटून बदलून देऊ." आज सहावा दिवस होता आणि शेठ डोळ्यांत तेल घालून डाग बघत होते.

मिक्सर तिसऱ्या दिवशीच जळका वास सोडून बंद पडला होता. काल हेमा तो पिशवीत घालून वागळे इस्टेटला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घेऊन गेली. तिथल्या सलिल नावाच्या माणसाने तो उघडून पाहिला आणि कागदावर लिहूनही दिलं, मोटर मुळातच खराब. "पण बदलून दुकानवालाच देणार, काकू. आम्ही फक्त रिपेअर करतो. मोटर यायला महिना लागेल." म्हणून ती दुकानात आली. आणि दुकान आता तिला पुन्हा सर्व्हिस सेंटरचा रस्ता दाखवत होतं.

त्याच वागळे इस्टेटमध्ये हेमाने एका औषधाच्या कंपनीत सव्वीस वर्षं चेकिंगच्या टेबलावर काढली होती. पट्टीत एक गोळी कमी दिसली, कुठे चीर दिसली, की पट्टी लाल क्रेटमध्ये. का टाकली म्हणून तिला कधी कुणी विचारलं नाही. खराब ते खराब. एवढी साधी गोष्ट या शहाण्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही याचा तिला भयंकर राग येत होता. आणि रागाच्या खाली भीती होती.

दिवाळीत विश्रामला, तिच्या नवऱ्याला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, सगळं गंधासारखं वाटून द्या, एक कण श्वासनलिकेत गेला तरी महागात पडेल. जुन्या मिक्सरने पाडव्याच्या तोंडावर मान टाकली, म्हणून तर हा आणला. हा बंद पडल्यावर तिने दोन दिवस शेजारच्या बायजाताईंचा मिक्सर वापरला. तिसऱ्या दिवशी बायजाताईंनी दार उघडायला जरा वेळ लावला. हेमा समजायचं ते समजली आणि सासूबाईंनी राजापूरहून आणलेला पाटा तिने पलंगाखालून ओढून काढला. काल त्याच पाट्यावरची डाळीची एक कणी गाळणीतून निसटली. विश्रामला असा ठसका लागला की त्याचे ओठ निळे पडले.

"मावशी, एक काम करा," रतनशेठ आवाज खाली आणत म्हणाले. त्यांनी काउंटरखालून थिनरची बाटली आणि फडकं काढलं. "इथेच पुसून टाका. क्लीन दिसला की फोटो पाठवतो कंपनीला. नवीन पीस आजच घेऊन जा."

हेमाने बाटली हातात घेतली, पण बूच काढेना.

ते स्वस्तिक विश्रामने काढलं होतं. पाडव्याच्या सकाळी ती तेलात कालवलेलं कुंकू घेऊन बसली आणि त्याने हात पुढे केला. उजवा हात. पाच महिने मांडीवर नुसता पडून असलेला. पाव तास लागला. एक रेघ लांबली, एक खाली घसरली, चौथा ठिपका ओघळला. मग तो "झालं" म्हणाला होता, अगदी स्वच्छ. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली होती.

तिला ते निळे ओठ आठवले. तिने बूच काढलं.

आधी ओघळलेला ठिपका पुसला, मग रेघा. फडकं लाल झालं. तेल आत मुरलं होतं, म्हणून तिने जोर लावला. डाग गेला, पण त्याच्याबरोबर प्लास्टिकची चकाकीही गेली आणि तळहाताएवढी जागा पांढरट, खरखरीत झाली.

रतनशेठनी मिक्सर उजेडात धरला. "अरेरे. आता हा कसा पाठवू? याला तर स्क्रॅच पडला."

"थिनर तुम्हीच दिलंत ना!"

"मी हळू पुसा म्हटलेलं."

ते तसं काही म्हणाले नव्हते. दोघांनाही ते माहीत होतं.

"मी ग्राहक मंचात जाईन."

"जा ना मावशी, हक्क आहे तुमचा," शेठ मायेने म्हणाले. "तारखा पडत राहतील, तेवढी तयारी ठेवा." आणि त्यांनी तिच्यासाठी थंड पाणी मागवलं. हेमा ते न पिताच मिक्सर पिशवीत घालून निघाली.

घरी विश्राम खुर्चीत वाटच बघत होता. तिने मिक्सर टेबलावर ठेवला, खरखरीत बाजू भिंतीकडे करून. त्याने डाव्या हाताने तो वळवला आणि त्या जागेकडे बघत राहिला.

"मी पुसलं," हेमा म्हणाली. "बदलून देतो म्हणाले म्हणून पुसलं. तर आता हाच स्क्रॅच दाखवतायत. तुमचं पुसलं हो मी."

त्याने देवघराकडे बोट केलं. कुंकवाच्या करंड्याकडे.

"अहो, बंद आहे तो. आता कशाला?"

त्याने उजवा हात तसाच पुढे धरून ठेवला. हात कापत होता, पण तो मागे घेईना. तेव्हा तिने तेलात कुंकू कालवून वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि आत जाऊन पाट्याशी बसली.

बाहेरून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग "झालं" असं ऐकू आलं.

"आले हं," ती म्हणाली. गाळणीत थोडी डाळ राहिली होती. ती तिने बोटाने निपटून पुन्हा पाट्यावर घेतली आणि वरवंटा ओढला.