राजूरच्या सोयरिकीत डोमाजीचं हेल्मेट

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून डोमाजी मेश्रामचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, कूलरचे स्टँड, शेडचे सांगाडे, सगळं तिथं बनतं. कामाला तो चोख, पण स्वभावानं अडेल. कोणी काहीही विचारलं तरी पहिलं उत्तर ‘नाही’ असायचं, आणि दुसरं उत्तर ऐकायला बहुतेक लोक थांबतच नसत.

वेल्डिंग करताना त्यानं जन्मभर डाव्या हातात काळी काच धरली होती. ती काच डोळ्यांपुढे यायच्या आत ठिणगी पडायची. मग रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि त्याची बायको पंचफुला पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसायची. शेवटी ती वैतागली. मुलासाठी, धम्मरत्नसाठी, राजूरला मुलगी पाहायला जायचं ठरलं, तेव्हा तिनं अट घातली की भाड्याची गाडी आधी यवतमाळच्या बाजारात थांबेल आणि डोळे झाकणारं हेल्मेट घेतल्याशिवाय पुढे हलणार नाही. डोमाजी नाही म्हणाला. गाडी थांबलीच.

दुकानदारानं तीन हेल्मेटं काउंटरवर मांडली. पहिलं सगळ्यात स्वस्त, पण त्याची काच कायमची काळी. ते घालून डोमाजीनं पाऊल टाकलं आणि रंगाच्या डब्यांवर आदळला. दुसरं परदेशी होतं, त्यातून सगळं लख्ख दिसायचं, पण भाव ऐकून डोमाजीनं ते तान्हं मूल ठेवावं तसं अलगद खाली ठेवलं. तिसरं मधलं. त्याची काच एरवी साधी आणि उजेड झाला की आपोआप काळी होणारी. डोमाजीनं ते घातलं आणि रस्त्यापलीकडच्या पानठेल्याची पाटी मोठ्यानं वाचून दाखवली. जग थोडं हिरवट दिसत होतं, एवढंच. त्याला ते पसंत पडलं.

पण वाकल्यावर ते घसरतं की काय, हे पाहायला त्यानं मागचं चाक पिळलं, आणखी पिळलं. आतला पट्टा कानांच्या वर घट्ट बसला आणि ‘टक’ असा आवाज झाला. त्यानंतर चाक दोन्ही बाजूंनी मोकळं फिरू लागलं आणि पट्टा काही सुटेना. तोंडावरची झडप वर उचलायची सोय होती. ती दाखवण्यासाठी दुकानदारानं बाजूचे नट उलटसुलट फिरवले आणि झडपही जागच्या जागी आवळून बसली.

दुकानदार म्हणाला, पट्टा कापावा लागेल, पण कापला की माल परत घेणार नाही. डोमाजीनं आतूनच पैसे दिले आणि आतूनच नाही म्हटलं. नवी कोरी वस्तू पहिल्याच दिवशी कापायची, हे त्याच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं. पंचफुलानं घड्याळ पाहिलं. राजूरला लोक जेवायचे थांबले होते. तिनं नवऱ्याचा दंड धरून त्याला गाडीत बसवलं आणि धम्मरत्ननं, जो एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता आणि ज्याला अशा गोष्टी सोडवता यायला हव्या होत्या, मारेगावपर्यंत पेचकस घेऊन खटपट केली. खड्डा आला की पेचकस डोमाजीच्या मानेला लागायचा. मारेगावच्या पुढे त्यानं मुलालाही नाही म्हटलं.

राजूरला मुलीचे वडील लहानुजी दारातच उभे होते. ते कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले, उंच, अबोल गृहस्थ. गाडीतून आधी धम्मरत्न उतरला, मग पंचफुला, मग हेल्मेट. पंचफुलानं सांगायला सुरुवात केली की ह्यांचे डोळे जरा नाजूक झाले आहेत. पण लहानुजींनी तिला पुरतं बोलू दिलं नाही. त्यांनी हात जोडून जय भीम घातला, डोमाजीकडे एकदा नीट पाहिलं, आत गेले आणि खाणीतली आपली पिवळी टोपी घालून बाहेर आले. पाहुणा कामाच्या टोपात आला आहे तर यजमानानं उघड्या डोक्यानं कसं बसायचं, असा त्यांचा हिशोब असावा. घरातल्या कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. एका पोरीनं चहाबरोबर डोमाजीला कोणी न सांगता स्ट्रॉ आणून दिली आणि तो हनुवटीखालून चहा ओढू लागला.

लहानुजींची म्हातारी आई, तुळसाबाई, हिला दिसत कमी होतं. ती काठी टेकत आली आणि पाहुण्यांच्या तोंडावरून हात फिरवू लागली. धम्मरत्नच्या गालावरून, पंचफुलाच्या कपाळावरून फिरून तिचा हात डोमाजीपाशी आला. तिनं वरून खालपर्यंत चाचपलं, बोटांनी टकटक केलं आणि समाधानानं मागे सरली.

“पोराचा बाप तब्येतीनं टणक हाये,” ती म्हणाली.

मुलीला बोलावलं तेव्हा घोटाळा झाला. पाहुणे येणार म्हणून कोणीतरी दरवाजाच्या चौकटीला लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ लावली होती. तिच्या प्रत्येक उघडझापेला डोमाजीच्या डोळ्यांपुढची काच काळी होई आणि पुन्हा साधी होई. उर्वशी त्याला तुकड्यातुकड्यांनीच दिसली. आधी दारात निळ्या साडीचा काठ. मग अंधार. मग ट्रे धरलेले दोन हात. मग अंधार. मग रिकामी खुर्ची. ती वणीला दवाखान्यात नर्स आहे, तिला कामाची आवड आहे, वाचायचा नाद आहे, हे सगळं त्याला अंधारातच कळलं.

शिवाय मान दुखू लागली होती. हेल्मेटचं सगळं वजन पुढे होतं आणि डोमाजीची मान, जी आयुष्यात कोणापुढे झुकली नव्हती, आपोआप खाली जात होती. लग्न राजूरच्या विहारात करू का, असं लहानुजींच्या भावानं विचारलं. हेल्मेट हळूच खाली गेलं. बुद्धपौर्णिमेच्या आसपास तारीख चालेल का? हेल्मेट खाली गेलं. देणंघेणं काही नाही, दोन्ही घरांनी मिळून जेवण द्यायचं. हेल्मेट खाली गेलं. पंचफुला डोळे विस्फारून पाहत राहिली. संसारात तिनं नवऱ्याचा एवढा होकार एका जागी पाहिला नव्हता. डोमाजी आतून, थांबा, मले बोलू द्या, असं म्हणत होता, पण आतला आवाज आतच घुमत होता आणि बाहेर फक्त घोगरा हुंकार जात होता, तोही होकारासारखा.

तेवढ्यात लहानुजी उठले. इवायाचं, म्हणजे व्याह्याचं, हेल्मेट सोडवून पाहतो म्हणाले आणि डोमाजीला परसात घेऊन गेले. तिथं एक पाना घेऊन ते त्याच्या कानाजवळच्या नटाशी खटपट करू लागले. नट काही हलला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पाना ठेवून दिला आणि डोमाजीशेजारी दगडावर बसले. दोघांच्या डोक्यांवर टोप्या. समोर लिंबाखाली एक कोंबडी पंख पसरून बसली होती.

“खाली खाणीत असलो ना,” लहानुजी म्हणाले, “कोणाचं तोंड दिसत नसे. दिवा दिसे, बाकी अंधार. तिथं माणूस बोलते. वर आल्यावर नाही बोलत. आता तुमचंही तोंड दिसत नाही, म्हणून बोलतो.”

मग ते बोलले. बायको गेल्यापासून संध्याकाळी घरात एकच आवाज येतो, तो उर्वशीच्या चपलांचा. ड्यूटीवरून आली की ती दारात चपला झटकते. तो ऐकल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत. पोरगी लग्न होऊन लोहाऱ्याला गेली तर आपण कोणत्या आवाजानं जेवायला बसायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. हे त्यांनी उर्वशीला सांगितलं नव्हतं, भावाला नाही, आईलाही नाही. धम्मरत्ननं वणीच्या डेपोत बदली मागितली आणि दोघं वणीला राहिले, तर ती येताजाता राजूरला येईल. एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि ते बैठकीत मागायची त्यांची हिंमत नव्हती.

डोमाजी ऐकत होता. मुलानं घर सोडून राहायचं नाही, हे त्यानं धम्मरत्न शाळेत होता तेव्हापासून ठरवलेलं होतं. दुकानाच्या मागं त्याच्यासाठी दोन खोल्याही बांधून ठेवल्या होत्या, ग्रिलसकट. आता त्यालाही विचारायचं होतं, की मग माझ्या घरात कोणत्या आवाजानं जेवायचं. पण श्वासानं काच आतून धुरकटली. कदाचित फक्त श्वासानं नसेल. लिंब गेला, कोंबडी गेली, शेजारी बसलेल्या माणसाची नुसती पिवळी टोपी तेवढी दिसत राहिली.

त्याची मान खाली गेली. ती वजनानं गेली की त्यानं नेली, हे त्याचं त्यालाही पुढे कधी सांगता आलं नाही. ती पुन्हा वर करून आडवी हलवायला वेळ होता. त्यानं हलवली नाही. लहानुजींनी त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

बैठकीत ही गोष्ट जाहीर झाली तेव्हा धम्मरत्ननं आईकडे पाहिलं आणि आईनं हेल्मेटकडे. मग पुरणपोळी आली. डोमाजीला ती चुरून, दुधात कालवून, चमच्यानं हनुवटीखालून भरवावी लागली, आणि ते काम तुळसाबाईनं हट्टानं आपल्याकडे घेतलं. बरीचशी त्याच्या शर्टावर गेली.

परतताना मारेगावला गाडी चहाला थांबली. डोमाजीला शिंक आली. पट्टा सुटला आणि हेल्मेट आपसूक त्याच्या मांडीत आलं. कपाळावर लाल वळ उठला होता, केस चिकटले होते. पंचफुलानं पदरानं त्याचं तोंड पुसलं. ड्रायव्हर टपरीवर गेला होता आणि धम्मरत्न चहा आणायला उतरला होता.

“आता तोंड दिसून राह्यलं तुमचं,” ती म्हणाली. “आता सांगा. पोरगा वणीले राह्यला तर चालते तुमाले? का त्या डबड्यानं मान हलवली?”

डोमाजीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, ते सवयीनं. मग मिटलं. बाहेर धम्मरत्न तीन कप दोन हातांत कसे धरायचे याचा विचार करत उभा होता.

“चालते,” तो म्हणाला.

“आन् पोरगी कशी वाटली?”

“काठ निळा होता साडीचा,” डोमाजी म्हणाला. पंचफुला हसत सुटली, इतकी की चहा घेऊन आलेल्या मुलाला काय झालं ते कळेना.

लग्न वैशाखात राजूरच्या विहारात झालं. डोमाजीनं सुनेला तिथं पहिल्यांदा अखंड पाहिलं. तिचा एक दात थोडा पुढे होता आणि त्यामुळे ती हसायची थांबली तरी हसल्यासारखी वाटत होती. त्याला ते आवडलं. जेवणं उरकल्यावर तो आणि लहानुजी मंडपामागं दोन खुर्च्यांवर बसले. दोघांचीही डोकी उघडी, दाढ्या नीट केलेल्या, तोंडं स्वच्छ. परसातल्या त्या दुपारनंतर ते एकटे असे आत्ताच भेटत होते. एकमेकांना सांगण्यासारखं दोघांकडेही भरपूर होतं. लहानुजींनी दोनदा घसा साफ केला. डोमाजीनं खुर्ची थोडी सावलीत सरकवली.

“वांग्याची भाजी जमली,” शेवटी लहानुजी म्हणाले.

“तिखट कमी होतं,” डोमाजी म्हणाला, आणि उर्वशी वणीच्या गाडीत बसेपर्यंत ते दोघं तसेच शेजारी बसून राहिले.